खिन्नतेची कैफियत

खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेला माणूस पुष्कळदा पहाटे तीन-चारच्या सुमारास जागा होतो, पुन्हा डोळ्यास डोळा लागत नाही, आणि उजाडेपर्यंतचा तो काळ त्याला साऱ्या दिवसात सर्वांत असह्य वाटतो. उलट दिवस कलू लागला की दडपण किंचित उतरते, तो चहा घेतो, चार शब्द बोलतो, क्वचित हसतोही. नेमका हाच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. सकाळी दात घासावयासही न उठणारा मनुष्य संध्याकाळी पाहुण्यांशी बोलतो म्हणजे हे सारे सोंग होय, असा निकाल घरातली मंडळी बिनदिक्कत देऊन मोकळी होतात. सकाळी वाढणारी आणि सायंकाळी ओसरणारी ही व्यथा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

या आजाराचे गांभीर्य दुःखापेक्षा असमर्थतेत अधिक आहे, असे माझे मत आहे. दुःखी माणूस रडतो आणि रडून झाल्यावर भाजीला फोडणी घालतो. या रोग्याला मात्र कोणता सदरा घालावा याचा निर्णय होत नाही, एकच ओळ तीनदा वाचूनही तिचा अर्थ मनात उतरत नाही, विजेचे बिल समोर असून भरले जात नाही, आणि ज्या गोष्टींत त्याचा जीव रमत असे त्या सर्व सारख्याच निःसार वाटू लागतात. ही अवस्था निदान दोन आठवडे, जवळजवळ दररोज, दिवसाचा बहुतेक काळ टिकली, तर वैद्यकशास्त्र तिला विकार मानते. भूक, झोप आणि कामेच्छा यांची घडी विस्कटते, हालचाल मंदावते, आणि आपण सर्वांस भार झालो आहोत अशी अपराधी भावना मनात घर करते. घरच्यांनी आळशी म्हणण्यापूर्वीच त्याने स्वतःला त्याहून कठोर शब्द लावलेले असतात.

हा विकार कसा झाकला जातो ते बंगळुरातल्या मराठी घरांत पाहावे. या शहराशी मराठी माणसाचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीइतका जुना आहे. तिथल्या जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यवसाय करणारी मराठी घराणी आहेत आणि व्हाइटफील्डकडच्या उंच इमारतींत संगणकाच्या नोकरीसाठी एकटी आलेली पोरेही आहेत. पहिल्या घरात "मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही नाही का दिवस काढले?" असे सांगणारी माणसे तरी असतात, दुसऱ्या घरात कॅमेरा बंद ठेवून बैठकीस हजर राहता येते, जेवण दारात येते, आणि आतला मनुष्य कित्येक दिवस आंघोळीविना बसून आहे याची खबर कुणालाही लागत नाही. रजेच्या अर्जात मात्र दोघेही ताप किंवा पोटदुखी असेच लिहितात. मन आजारी आहे असे कारण लिहिण्याचा शिरस्ता आपल्या कचेऱ्यांत अद्याप पडलेला नाही.

ताप-पोटदुखीच्या या कारणांत लबाडीच असते असे नव्हे. आपल्याकडे हा विकार वारंवार शरीराच्याच वाटेने प्रकट होतो: डोके जड, अंगाची आग, हातापायांत त्राण नाही. तपासण्या होतात, आणि त्या व्हाव्यातच, कारण थायरॉइड मंदावल्यानेही अशीच अवस्था येते. परंतु अहवाल निर्दोष आला की रोग्याची कैफियतच खोटी ठरते.

बंगळुरातच, होसूर रोडवर, निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरांकडे असताना, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, बंगळुरात वेड्यांचे इस्पितळ निघाले. पुढे त्याचे मनोरुग्णालय झाले, १९५४ साली त्याच्या जोडीस अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली, आणि १९७४ मध्ये दोहोंच्या एकीकरणातून आजचे निम्हान्स उभे राहिले. या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, सुमारे वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो असे आढळले, आणि रुग्णांपैकी शेकडा ८५ उपचारांवाचून राहतात असेही दिसून आले. इस्पितळाचे दार पावणेदोन शतके उघडे असताना त्या दारापर्यंत जाण्यास माणसे कचरतात, याचा दोष केवळ डॉक्टरांच्या तुटवड्यावर ढकलता येणार नाही.

जे जातात त्यांतलेही पुष्कळजण अर्ध्यावर थांबतात. औषधांचा गुण दिसण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ आणि गुंगी पहिल्या काही दिवसांतच येते. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात "याचा उपयोग नाही, शिवाय सवय लागेल" म्हणून गोळ्या बंद होतात. वस्तुतः या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र त्या एकाएकी सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. उत्साह आल्यावर काम करीन असे रोगी म्हणतो, तर मानसोपचारात क्रम उलटा लावतात: आधी गच्चीवर दहा मिनिटे चालणे ठरवायचे, उत्साह मागून येतो. विजेच्या उपचाराची भीती चित्रपटांनी घातली आहे. तीव्र विकारात तो अत्यंत गुणकारी ठरतो, आणि भूल दिल्यावाचून तो देण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

बंगळुरात वाढलेल्या दीपिका पदुकोण हिने २०१५ साली आपल्या या आजाराविषयी उघडपणे सांगितले. आजार प्रथम तिच्या आईच्या लक्षात आला होता. नामवंतांच्या अशा निवेदनाने धीर येतो हे खरे. पण तारकेला असलेली मोकळीक कारकुनाला नसते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

जीव नकोसा झाला आहे का, असे रोग्यास सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आणि तो क्रमांक फिरविण्याचे त्राण रोग्यात बहुधा नसतेच, म्हणून तो फोन घरच्यांनी केला तरी चालतो.