खिडकीतून आत जायचं चर्च : बाकोलोरची गोष्ट

आज आपण जाणार आहोत फिलिपिन्समध्ये, पाम्पांगा प्रांतातल्या बाकोलोर गावात. तिथल्या सान गिलेर्मो चर्चचा फोटो बघा. इमारत बुटकी वाटते, खिडक्या जमिनीला टेकलेल्या दिसतात. कारण चर्चचा जवळपास अर्धा भाग, म्हणजे सुमारे ६ मीटर, जमिनीखाली गाडला गेलाय. लोक आत जातात ते पूर्वीच्या खिडक्यांमधून!

हे झालं कसं? १५ जून १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्याआधी तो साधारण ५०० वर्षं शांत होता. शास्त्रज्ञांनी वेळेत इशारा दिला, हजारो लोकांना हलवलं आणि त्यांचे जीव वाचले. पण त्याच दिवशी वादळही आलं. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली घरांची छपरं कोसळली, आणि बरेच बळी त्यातच गेले.

बाकोलोर डोंगरापासून ३५-४० किलोमीटर लांब. म्हणजे सुटलं, असंच वाटेल ना? पण खरं संकट नंतर आलं. डोंगर-उतारांवर राखेचे प्रचंड थर साचले होते. जोराचा पाऊस पडला की ती राख, दगड आणि पाणी एकत्र होऊन नदीच्या पात्रातून खाली धावायचं. याला म्हणतात लाहार. ओल्या काँक्रीटचा पूर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. दर पावसाळ्यात तीच धास्ती. आणि १ ऑक्टोबर १९९५ ला, स्फोटानंतर ४ वर्षांनी, लाहारने बाकोलोर गाडून टाकलं. माणसं गेली, घरं गेली, उरलेले विस्थापित झाले.

आता गंमत बघा. या चर्चच्या पॅरिशची स्थापना १५७६ ची. १७६२ मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतलं, तेव्हा सिमोन दे आंदा या स्पॅनिश अधिकाऱ्याने बाकोलोरमधून सरकार चालवलं. ब्रिटिश १७६४ मध्ये परत जाईपर्यंत हे गाव स्पॅनिश फिलिपिन्सची राजधानीच होतं! १९०० साली इथे कापंपांगन भाषेतली पहिली झार्झुएला रंगली. झार्झुएला म्हणजे साधारण आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार. नाटककार हुआन क्रिसोस्तोमो सोतो इथलाच. त्याच्या नावावरून तिथल्या काव्यजुगलबंदीला ‘क्रिस्सोतान’ म्हणतात.

हा सगळा इतिहास घडत होता तेव्हा डोंगर झोपलेला होता. गावाच्या आठवणीत ज्वालामुखी नव्हताच. मला वाटतं, यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. ४०० वर्षं काही झालं नाही, याचा अर्थ काही होणार नाही, असा नसतो.

आणि तरी गाव संपलं नाही. लोकांनी गाडलेली कोरीव वेदी खणून बाहेर काढली, वर उचलली आणि नव्या, उंचावलेल्या जमिनीवर परत बसवली. चर्चमध्ये प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या. बरेच जण परतले आणि जुन्या गावाच्या डोक्यावर नवं गाव वसलं.

वारसा जपणं म्हणजे वास्तू होती तशीच ठेवणं, असं आपण मानतो. बाकोलोरला ते शक्यच नव्हतं. त्यांनी चर्च वापरात ठेवलं, आणि म्हणून ते आजही जिवंत आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!