रेघांच्या पट्टींतली ओळख



माझा आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. उभा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत घालविलेल्या, साठी उलटलेल्या मास्तरानें हेवी मेटल नांवाच्या कर्णकठोर संगीताविषयीं बोलावें, हें जरा विपरीतच होय. परंतु प्रसंगच असा घडला कीं, मला त्यांत लक्ष घालणें भाग पडलें.

माझ्या नातवाला आयर्न मेडन या इंग्रज वाद्यवृंदाचें भारी वेड. वाढदिवसाला त्यानें त्यांचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' हा संग्रह मागितला. हा १९८५ सालीं निघालेला, प्रत्यक्ष मैफलींत मुद्रित केलेला संग्रह. त्याचा बहुतेक भाग कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथला, व शेवटचीं पांच गाणीं लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या नाट्यगृहांतलीं. नातवाचा जीव या पांचांवरच होता. मीं एका विक्रेत्याला नुसतें नांव सांगून सीडी मागविली. मुखचित्र हुबेहूब तेंच होतें. मुलानें मोठ्या उत्साहानें वेष्टन फोडलें, पाठीमागची यादी वाचली, आणि क्षणभर थांबून तो म्हणाला, "छान आहे, आजोबा." त्या थांबण्यानें मी काय तें समजलों. तीं पांच गाणीं तींत नव्हतीं.

झालें होतें तें असें. मूळ संग्रह दोन मोठ्या तबकड्यांचा, शंभराहून अधिक मिनिटांचा. त्या काळच्या एका सीडींत सुमारें ७४ मिनिटेंच मावत. म्हणून प्रथम निघालेल्या सीडींतून चौथी बाजू सबंध गाळण्यांत आली. पुढें १९९८ सालीं दोन सीडींची आवृत्ति निघाली आणि तीं गाणीं परत आलीं. नांव एक, चित्र एक, वाजविणारे तेच. पण वस्तु दोन! मग गिऱ्हाइकानें त्या ओळखाव्या कशा? याचें उत्तर वेष्टनाच्या पाठीवरील काळ्या रेघांच्या पट्टींत, म्हणजे बारकोडांत आहे.

ही कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांची. त्यांना १९५२ सालीं तिचें पेटंट मिळालें. आज आपण पाहतों त्या पट्टीची रचना पुढें आय्‌बीएम् कंपनींतील जॉर्ज लॉरर यांनीं केली, आणि २६ जून १९७४ रोजीं ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवच्या एका दुकानांत च्युइंग गमचें पुडकें या रीतीनें प्रथम विकलें गेलें. यंत्र पट्टीवर प्रकाश टाकतें. पांढरी जागा तो परत फेंकते, काळी रेघ तो गिळते. प्रत्येक आंकड्याच्या वांट्याला सात समान घरें असतात, व त्यांत दोन रेघा आणि दोन मोकळ्या जागा कमीअधिक रुंदीनें बसविलेल्या असतात. डाव्या व उजव्या अर्ध्या भागांची मांडणी मुद्दाम निराळी ठेवलेली असल्यामुळें वस्तु उलटी धरली तरी यंत्र फसत नाहीं.

अमेरिकन पद्धतींत आंकडे १२, व इतरत्र रूढ असलेल्या पद्धतींत १३ असतात. आरंभींच्या आंकड्यांवरून कंपनी कळते, पुढील आंकडे ती कंपनी आपल्या मालाला देते, आणि शेवटचा आंकडा केवळ तपासणीचा. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला यांतच खरी गोडी वाटली. सरावासाठीं ०१२३४५६७८९० हे आंकडे घ्या. पहिल्यापासून एकाआड एक आंकड्यांची बेरीज २०. तिची तिप्पट ६०. उरलेल्यांची बेरीज २५. एकूण ८५. पुढच्या दहकाला, म्हणजे ९० ला, पांच कमी पडतात. म्हणून शेवटचा आंकडा ५. कोणताहि एक आंकडा चुकला कीं हा हिशेब फसलाच म्हणून समजावें. शेजारचे दोन आंकडे उलटसुलट झाले तरी बहुधा चूक पकडली जाते. मात्र १ व ६ यांसारखी, पांचाच्या अंतराची जोडी असेल, तर ती निसटते.

आतां मुख्य मुद्दा. या आंकड्यांत गायकाचें नांव नसतें, किंवा संगीत मैफलींतलें कीं स्टुडिओंतलें हेंहि लिहिलेलें नसतें. शाळेच्या पटावरील क्रमांक जसा मुलाचे गुण सांगत नाहीं, पण एका वर्गांतले दोन गोविंद वेगळे ओळखूं देतो, तसेंच हें. नोंदवहींत तो क्रमांक शोधला म्हणजे बाकीचें कळतें. मोठी तबकडी, कॅसेट व सीडी यांना निरनिराळे क्रमांक मिळतात. अनेक अमेरिकन कंपन्यांत तर तपासणीच्या आंकड्याआधींचा १ म्हणजे तबकडी, २ म्हणजे सीडी व ४ म्हणजे कॅसेट, असा संकेत होता.

तथापि या पट्टीलाहि मर्यादा आहेत. एकच क्रमांक ठेवून कंपनी वर्षानुवर्षें नव्या प्रती काढूं शकते; त्यांतला भेद पाहावयाचा तर सीडीच्या मध्यभागीं कोरलेलीं बारीक अक्षरेंच वाचावीं लागतात. डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' सारख्या १९७२ च्या मैफलीच्या मूळ तबकडीवर अशी पट्टीच नाहीं, कारण तेव्हां ती रूढच झाली नव्हती. आणि एखादें गाणें मैफलींतलें कीं स्टुडिओंतलें, हें ठरविण्यास आयएसआरसी नांवाचा बारा चिन्हांचा दुसराच संकेत आहे. तो वस्तूला नसून प्रत्येक मुद्रणाला दिलेला असतो. त्यामुळें एकाच गाण्याच्या दोन मुद्रणांना दोन निरनिराळे संकेत मिळतात.

एवढें शिकल्यावर मीं दोन सीडींच्या आवृत्तीचा क्रमांक शोधला, तपासणीचा आंकडा स्वतः पडताळून पाहिला, आणि तोच क्रमांक छापलेली प्रत मागविली. यादी वाचून या खेपेस नातू थांबला नाहीं. दार लावून घेऊन त्यानें तीं पांचहि गाणीं घरभर ऐकूं येतील अशा आवाजांत वाजविलीं. संगीत मला कळलें असें मी म्हणणार नाहीं. पण नांवावर विसंबूं नये, क्रमांक मागून घ्यावा, हा धडा मात्र पुरता कळला. आणि तो आपणांसहि उपयोगी पडेल, अशी आशा आहे.