‘जागृत’, ‘निद्रिस्त’ आणि ‘मृत’ : ज्वालामुखीची परिभाषा व सिद्धेश्वरचा काळा पाषाण

औंढा नागनाथच्या परिसरातून सिद्धेश्वर धरणाकडे जाणाऱ्या प्रवाशास वाटेत दिसणारा दगड बहुधा एकाच जातीचा असतो. पूर्णा नदीच्या पात्रातील कातळ, विहिरीच्या कडेला पडलेला राडारोडा, शेताच्या बांधावरील धोंडे, नागनाथाच्या देवालयाचे चिरे, हे सर्व काळ्या पाषाणाचे आहेत. हा पाषाण म्हणजे एके काळी वितळलेल्या स्थितीत भूपृष्ठावर पसरलेला शिलारस होय, ही गोष्ट शालेय पुस्तकांतून आता सर्वांना ठाऊक झाली आहे. परंतु या ज्ञानाबरोबरच एक गैरसमजही रुजला आहे. हिंगोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जमिनीतून आवाज येतात व अधूनमधून धक्के बसतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी ४.५ इतक्या तीव्रतेचे भूकंप झाले. अशा वेळी एक प्रश्न हटकून कानी येतो : ‘आमच्या पायांखाली ज्वालामुखी झोपला आहे काय?’

प्रस्तुत लेखक भूशास्त्राचा अभ्यासक नाही. त्याचा विषय भाषा हा आहे. परंतु वरील प्रश्नातील ‘झोपला आहे’ हे क्रियापद भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावे असे नाही. किंबहुना भीतीचे मूळ काही अंशी या क्रियापदातच आहे, असे दाखविता येईल. म्हणून प्रथम शब्दांचा आणि नंतर वस्तुस्थितीचा विचार करावयाचे योजिले आहे.

१. शब्दांचा विचार

‘ज्वालामुखी’ हा शब्द आपण आज ज्या अर्थाने योजतो तो अर्थ त्यास फार उशिरा प्राप्त झाला. हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात ज्वालामुखी देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथे खडकाच्या फटींतून ज्वाला निघतात आणि त्याच देवीचे रूप म्हणून पूजिल्या जातात. या ज्वाला भूगर्भातून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत. तेथे शिलारसाचा मागमूस नाही. म्हणजे ज्या स्थानाचे हे नाव तेथे आजच्या अर्थाने ज्वालामुखी नाही, आणि शास्त्राने मात्र तो शब्द शिलारस ओकणाऱ्या पर्वतासाठी उचलला. युरोपीय भाषांतही असेच घडले. रोमन लोकांचा अग्नीचा व लोहारकामाचा देव व्हल्कन. त्याची भट्टी सिसिलीजवळच्या व्हल्कानो बेटात आहे अशी समजूत होती. त्या एका बेटाचे नाव पुढे जगातील अशा सर्व पर्वतांचे जातिवाचक नाम बनले. दोन्हीकडे देवतेचे नाव पर्वतास मिळाले, हे साम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या नामास जी तीन विशेषणे जोडली जातात, ती याहून अधिक बोलकी आहेत. ‘जागृत’, ‘निद्रिस्त’ व ‘मृत’ ही तिन्ही सजीवाची विशेषणे होत. यांपैकी ‘निद्रिस्त’ हे मराठीने घडविलेले रूप आहे. संस्कृतातील रूढ रूप ‘निद्रित’. ‘जागृत’ या शब्दास तर मराठीत आणखी एक छटा आहे. आपण ‘जागृत देवस्थान’ असे म्हणतो, तेव्हा नवसाला पावणारे, पण अवकृपा झाल्यास कोपणारे दैवत आपणास अभिप्रेत असते. सामान्य माणूस ‘जागृत ज्वालामुखी’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात ही छटा उमटणे स्वाभाविक आहे. आणि जो निजला आहे तो केव्हातरी उठणारच, हा अर्थ ‘निद्रिस्त’ या शब्दात गृहीतच आहे. शब्द निवडताना शास्त्रज्ञाने हे अभिप्रेत धरले नसेल. भाषा मात्र ते सोडून देत नाही.

२. वर्गीकरणाची अडचण

या तीन वर्गांची पुस्तकी व्याख्या सोपी आहे. ज्याचा उद्रेक चालू आहे किंवा नजीकच्या काळात झाला आहे तो जागृत. जो दीर्घकाळ शांत आहे पण पुन्हा उद्रेक होणे संभवते तो निद्रिस्त. ज्याचा शिलारसाचा पुरवठा कायमचा तुटला तो मृत. अडचण ‘दीर्घकाळ’ या शब्दापाशी आहे. दीर्घ कोणाच्या मापाने? माणसाच्या लेखी इतिहासाच्या, की पर्वताच्या आयुष्याच्या? ज्वालामुखीचे आयुष्य लक्षावधी वर्षांचे असू शकते. आपल्या नोंदी फार तर काही सहस्र वर्षांच्या. त्यामुळे ‘निद्रिस्त’ या शब्दाने पर्वताच्या अवस्थेचे वर्णन होते असे आपणास वाटते. वस्तुतः पुष्कळदा आपल्या स्मृतीच्या मर्यादेचेच वर्णन होत असते.

याचे उत्तम उदाहरण जपान या द्वीपराष्ट्रात सापडते. जपानी भाषेत ज्वालामुखीला ‘काझान’, म्हणजे अग्निपर्वत, असे म्हणतात. त्याचे पूर्वी तीन वर्ग सांगत : ‘कात्सुकाझान’ म्हणजे जिवंत, ‘क्यूकाझान’ म्हणजे विसावलेला आणि ‘शिकाझान’ म्हणजे मेलेला. आपल्या त्रयीशी हे वर्गीकरण तंतोतंत जुळते. ओन्ताके या पर्वताच्या उद्रेकाची इतिहासात नोंद नव्हती, म्हणून तो मेलेला समजला जाई. २८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्याचा उद्रेक झाला आणि परिभाषेचा पायाच ढासळला. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी ‘विसावलेला’ व ‘मेलेला’ हे दोन्ही शब्द शास्त्रीय वापरातून काढून टाकले. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत ज्याचा उद्रेक झाला, किंवा ज्यातून आज जोराने वाफ व वायू निघतात, तो जिवंत, अशी व्याख्या तेथे २००३ पासून रूढ आहे. १७०७ नंतर शांत असलेला फुजी पर्वतही या व्याख्येने जिवंतच ठरतो. शब्द बदलल्याने संकट टळत नाही, हेही खरे. २७ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच ओन्ताकेचा पुन्हा अकस्मात उद्रेक होऊन माथ्याजवळ असलेल्या गिर्यारोहकांपैकी ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. तथापि, चुकीच्या शब्दाने येणारी गाफिली तरी नव्या परिभाषेने दूर केली.

भारताच्या सीमेतही असे उदाहरण आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरील ज्वालामुखीचा उद्रेक १७८७ मध्ये नोंदविला गेला. १८३२ नंतर तो सुमारे दीडशे वर्षे शांत होता. १९९१ मध्ये तो पुन्हा उसळला आणि त्यानंतर वेळोवेळी उसळत आला आहे. त्याच्या उत्तरेस नारकोंडम बेट आहे. तेथील ज्वालामुखीच्या उद्रेकाची ऐतिहासिक नोंद नाही, पण बेटाच्या नावाचा संबंध ‘नरककुंड’ या शब्दाशी जोडण्यात येतो. शांत बेटास नरककुंडाचे नाव आणि धगधगत्या बेटास नुसते ‘ओसाड’ या अर्थाचे, हा नामकरणाचा विपर्यास मोठा मनोरंजक आहे.

३. दख्खनचा पाषाण कोणत्या वर्गात?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिद्धेश्वरच्या परिसरास वरील तिन्हींपैकी कोणते विशेषण लावावे? उत्तर असे की, येथे ‘ज्वालामुखी’ या नामासच आधार नाही, मग विशेषणाचा प्रश्न उरत नाही. ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शंकूच्या आकाराचा, माथ्यावर मुख असलेला पर्वत उभा राहतो. दख्खनच्या शिलारसाचे उद्गम बहुतांशी तसे नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अत्यंत प्रवाही असा शिलारस थरावर थर पसरत गेला. आज या थरांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस सह्याद्रीत त्यांची जाडी फार मोठी. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या वेधन-विवरात हा पाषाण सुमारे ३३८ मीटर जाडीचा आढळला व त्याखाली, पातळशा गाळथरानंतर, पुरातन ग्रॅनाइटी खडक लागला.

या थरांची रचना परिभाषेतही उतरली आहे. एका थरावर दुसरा थर बसून डोंगरांना पायऱ्यांचे रूप आले, म्हणून स्वीडिश भाषेतील ‘पायरी’ या अर्थाच्या शब्दावरून ‘ट्रॅप’ ही संज्ञा निघाली. शिलारसाच्या पृष्ठाचे दोन प्रकार, गुळगुळीत दोरखंडासारखा ‘पाहोएहोए’ व खडबडीत ‘आआ’, ही नावे हवाई बेटांतील लोकांच्या बोलीतून जगभर गेली. आपल्या शेतकऱ्यानेही या पाषाणाची परिभाषा आपल्यापुरती सिद्ध केली आहे. विहीर खणताना त्यास मुरूम लागतो, मग कातळ, मग पुन्हा मऊ थर. पोकळ्यांतून गारगोट्या निघतात. हा क्रम म्हणजे एकामागून एक आलेल्या प्रवाहांची नोंदच होय. गावाच्या वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’, हा आपल्या ग्रामव्यवस्थेतील जुना भेद. त्यातील ‘काळी’ हीसुद्धा याच पाषाणाची झीज होऊन झालेली आहे.

४. अग्नी गेला कोठे?

भेगा बुजल्या, पण त्यांना शिलारस पुरविणारा खालचा उष्ण स्रोत कोठे गेला? बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते स्रोत जवळजवळ जागच्या जागीच राहिला. सरकली ती भूमी. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्याच्या पाठीवर त्या स्रोताने एक माग उमटविला : लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या तळाशी असलेली समुद्रातील रांग, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा आज जगातील अत्यंत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘भट्टीचे शिखर’ असा आहे.

या मागावरील मॉरिशसचा उल्लेख मराठी वाचकापुढे विशेषेकरून केला पाहिजे. ते द्वीपराष्ट्र सर्वस्वी ज्वालामुखीजन्य असून त्याचे जुने खडक सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. क्युरपिप येथील ‘त्रू ओ सेर्फ’, म्हणजे हरिणांचा खड्डा, हे तेथील प्रसिद्ध ज्वालामुखीचे मुख. त्यास कोणी निद्रिस्त म्हणतात, कोणी मृत. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय तेथे नेले गेले, त्यांत मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठीची जपणूक करीत आहेत. ज्या स्रोताने मराठी मुलखाचा पाषाण घडविला, त्याच स्रोताने घडविलेल्या बेटावर मराठी माणूस उसाच्या मळ्यांत राबला. हा योगायोग आहे, यापलीकडे त्यास अर्थ चिकटवू नये. पण सिद्धेश्वरखाली जो अग्नी झोपला आहे असे लोकांस वाटते, तो आज सहस्रावधी किलोमीटर दूर, दक्षिण गोलार्धातील महासागरात आहे, ही गोष्ट या योगायोगाने मनात पक्की ठसावी.

५. धक्क्यांचे कारण आणि शब्दाची जबाबदारी

मग धक्के कशाचे? भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकताना आशियाच्या भूमीवर दाबला जातो. तो ताण द्वीपकल्पाच्या पोटातील पुरातन खडकांतही साठतो आणि जुन्या भेगांवर अधूनमधून मोकळा होतो. असे भूकंप शिलारसाने होत नाहीत. उथळ व लहान भूकंपाच्या लहरी भूपृष्ठावरून हवेत शिरल्या म्हणजे गडगडाट ऐकू येतो. त्यास ज्वालामुखीची आवश्यकता नसते.

हा भेद केवळ पंडिती नाही. ज्यास ज्वालामुखीची भीती वाटते तो धूर, वाफ, तापलेली जमीन शोधू लागतो आणि ती न दिसल्यास निर्धास्त होतो. भूकंप यांपैकी कोणतीच पूर्वसूचना देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात जो संहार झाला, त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वरचे माळवदाचे जड छप्पर हे त्या संहाराचे प्रमुख कारण होते. त्यापूर्वी, १९९२ मध्ये, त्या भागात लहान धक्के जाणवले होते. लहान धक्क्यांमागून मोठा भूकंप येतोच असे मुळीच नाही. पालघर जिल्ह्यात २०१८ पासून असे अनेक धक्के बसले आहेत. तथापि भिंत आडव्या पट्ट्यांनी बांधून घेणे, माळवदावरील मातीचा भार उतरविणे, निजण्याची जागा जड भिंतीपासून दूर ठेवणे, ही कामे करण्यास भाकिताची वाट पाहावी लागत नाही.

सारांश, हिंगोलीच्या भूमीस ‘निद्रिस्त ज्वालामुखी’ म्हणणे हे शब्द व वस्तू या दोहोंच्या दृष्टीने चुकीचे आहे. जे येथे नाही त्याचे भय आणि जे आहे त्याविषयी उदासीनता, असे दुहेरी नुकसान त्या शब्दाने होते. जपान्यांनी आपली परिभाषा अनुभवाने सुधारली. आपणही पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व वर्गातील व्याख्याने यांत ही त्रयी योजताना तिच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. आणि मराठवाड्यातील धक्क्यांविषयी बोलताना ‘ज्वालामुखी’ हा शब्द बाजूस ठेवून ‘भूकंप’ हाच शब्द वापरला पाहिजे. परिभाषा शुद्ध ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहेच; येथे मात्र तिच्या शुद्धतेवर लोक कोणत्या भिंतीखाली निजतात हेही अवलंबून आहे.