लाजपत नगरच्या मुलांची उंची आणि वजन

‘पोरगं आता कुठे अंगानं भरतंय,’ असं आजी कौतुकानं म्हणते. त्या भरण्यात पुढच्या आजाराची चाहूल असू शकते, हे दिल्लीतल्या काही हजार मुलांच्या नोंदींनी दाखवून दिलं.

फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेलं लाजपत नगर आणि त्याभोवतीचा दक्षिण दिल्लीचा बारा चौरस किलोमीटरचा भाग. तिथल्या वीस हजारांवर विवाहित स्त्रियांची नोंद १९६९पासून सुरू झाली आणि १९७२पर्यंत त्यांच्यापोटी जन्मलेल्या आठ हजारांवर बाळांची उंची-वजनं टिपली गेली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, मुलं मोठी होईपर्यंत. इतक्या चिकाटीनं केलेलं काम आपल्याकडे विरळाच.

त्यांतले १,४९२ जण २६ ते ३२ वर्षांचे असताना त्यांची साखर तपासली गेली. ४.४ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, आणखी १०.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. बालरोगतज्ज्ञ डॉ. संतोष भार्गव, डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे मांडलं. मधुमेह झालेल्या आणि उंबरठ्यावरच्या या लोकांची बालपणीची पानं उलटल्यावर काय दिसलं? दोन वर्षांपर्यंत ही मुलं किडकिडीत होती. पुढे मात्र उंचीच्या मानानं त्यांचं वजन झपाट्यानं वाढत गेलं. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ नव्हतं! लठ्ठ म्हणून शाळेच्या तपासणीत त्यांतलं कुणीच खटकलं नसतं.

लठ्ठ नसतानाही मधुमेह कसा, या कोड्याचा धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंमध्ये फार कमी पडत होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. गर्भात अन्न तुटपुंजं असलं की शरीर आधी मेंदू सांभाळतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. ते मुळात कमी आणि वर चरबी चढत गेली, की इन्शुलिन पुरं पडेनासं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२१मध्ये हृदयविकार, कर्करोग, मधुमेह अशा असंसर्गजन्य आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसं दगावली. भारतात मधुमेहीच दहा कोटींवर आहेत. त्यांना ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. निम्मी गोष्ट त्यांच्या आईच्या ताटात घडून गेलेली असते.

म्हणून घरात गरोदर बाई असेल, तर तिचं जेवण सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं नसावं. आणि लसीकरण संपलं म्हणून बाळाचं कार्ड कपाटात टाकू नका. दोन वर्षांनंतरही दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन, दोन्ही त्यावर लिहीत राहा.