टॉवर आला का?

पेणहून दिवा-रोहा मेमू सुटली की डब्यात कुणीतरी फोनवर ओरडतंच, "हॅलो, इथे टॉवर नाहीये!" कासूच्या पुढे तोच आवाज खुलतो, "हां, आत्ता आला टॉवर." नटबोल्टांनी सिमेंटात जखडलेलं धूड आपल्या बोलीत वाऱ्याच्या झुळकेसारखं येतं-जातं, याची मला भारी गंमत वाटते. खरं तर येतात त्या लहरी, आणि डोंगर आडवा आला की अडतात. पण लहरी दिसत नाहीत, टॉवर दिसतो. मग शिव्याही त्यालाच.

खिडकीतून पाहावं तर या एका शब्दाने काय काय पोटात घातलंय! चार मजले जास्त चढले की इमारत टॉवर. खाचरांतून विजेच्या तारा वाहून नेणारे सांगाडेही टॉवर. त्यांच्या हातांना लटकलेल्या तबकड्यांच्या माळा नीट बघा. तार त्या माळेला टांगलेली असते, लोखंडाला शिवत नाही. शिवली तर वीज सरळ जमिनीत जाईल.

इंग्रजी येण्याआधी आपण म्हणायचो बुरूज आणि मनोरा. तेही बाहेरचेच, अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. रोह्याजवळच्या अवचितगडाचा बुरूज आणि दुबईची ८२८ मीटरची बुर्ज खलिफा, शब्द एकच! मनोऱ्याचं मूळ तर आणखी मजेदार: अरबी 'मनारा' म्हणजे दिव्याची, उजेडाची जागा. म्हणजे देवळापुढची दीपमाळ शब्दशः मनोराच. आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात नको असलेला वायू ज्या उंच नळीच्या टोकाला जाळून टाकतात, तीही. तिला मात्र मनोरा कुणी म्हणत नाही.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे पोर्तुगीजांचा उंच पडका बुरूज उभा आहे. त्यांच्या भाषेत असल्या वास्तूला 'तोर्रे' म्हणतात; तो आणि 'टॉवर' दोघे लॅटिन 'तुर्रिस'चे वंशज. आपल्या लोकांनी तोर्रेच्या भानगडीत न पडता खण मोजले आणि नाव ठेवलं सातखणी.

रोहा आलं. मघाचा गृहस्थ फोन उंच धरून बायकोला सांगतोय, "बोल आता, टॉवर फुल्ल आहे."