तोंडातली पांढरी जाळी : घाबरू नका, पण अंगावरही काढू नका

‘डॉक्टरसाहेब, तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स लिहून द्या,’ असे सांगणारे रुग्ण माझ्याकडे रोजच येतात. बहुतेकांचे तोंड आठ-दहा दिवसांत बरे होते. पण काहींची आग महिनोन् महिने थांबत नाही. त्यात चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया अधिक असतात. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराचा आपला जिल्हा. ताटात ठेचा नाही असे घर विरळाच. अशा घरातली बाई भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली की घरचे म्हणतात, ‘उष्णता झाली.’ तिच्या मनात मात्र कॅन्सरची धास्ती असते आणि त्या भीतीपोटीच ती तोंड दाखवायचे टाळते.

अशा रुग्णाच्या गालाची आतली बाजू उजेडात पाहिली, तर कधी कधी बारीक पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. बहुधा ती दोन्ही गालांत असते. कधी जिभेवर चट्टे असतात, तर कधी हिरड्या लालभडक होऊन सोलवटतात. या आजाराचे नाव ‘लायकेन प्लॅनस’. लायकेन म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल! खडकावर दगडफूल पसरावे तशी ही त्वचा दिसते, म्हणून हे नाव. इंग्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली या आजाराचे वर्णन केले. शंभर माणसांत साधारण एकाच्या तोंडात तो आढळतो.

हा आजार होतो कशामुळे? आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशी चुकून तोंडाच्या नाजूक अस्तरावरच हल्ला करतात. त्या असे का करतात, याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राला अजून मिळालेले नाही. पण हा आजार जंतूंमुळे होत नाही, त्यामुळे तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने किंवा बाळाचा मुका घेतल्याने तो दुसऱ्याला होत नाही. सुनेचे किंवा सासूचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही. काहींच्या मनगटावर किंवा नडगीवर जांभळट, चपट्या, खाजणाऱ्या पुटकुळ्याही येतात. त्या असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या, सांधेदुखीची औषधे किंवा दाताला टेकलेले चांदीचे सिमेंट यांमुळेही हुबेहूब अशीच जाळी उमटू शकते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. मात्र रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तोंडातला प्रत्येक पांढरा डाग लायकेन प्लॅनसचा नसतो. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू धरणाऱ्यांच्या तोंडात जाड पांढरे चट्टे येतात. सुपारी आणि गुटख्याने गाल ताठ होतात, तिखट झोंबते आणि हळूहळू तोंडात दोन बोटेही जाईनाशी होतात. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी ही तोंडे अजून पाहावी लागतात. हे दोन्ही आजार कॅन्सरकडे नेणारे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. ती पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पांढऱ्या चट्ट्यांचे तंबाखूशी असलेले नाते अशाच पाहण्यांतून पक्के झाले.

मग फरक ओळखायचा कसा? अनुभवी नजरेला अंदाज येतो, पण शंका असेल तिथे तुकडा तपासणी करावी लागते. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हा समज साफ चुकीचा आहे. ही तपासणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात होऊ शकते. आपल्याकडून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते.

आता उपचारांविषयी. नुसती जाळी असेल आणि आग होत नसेल, तर औषधाची गरज नाही; फक्त लक्ष ठेवायचे. आग किंवा जखम असेल तर तोंडात लावायचे स्टेरॉइड मलम देतात. जेवणानंतर चूळ भरून जागा स्वच्छ कापडाने टिपावी, पातळ थर लावावा आणि अर्धा तास काही खाऊपिऊ नये. आग शमली की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मलम कमी करत जायचे. मलम फार दिवस चालले तर तोंडात बुरशी येऊ शकते, म्हणून दुकानातून परस्पर ट्यूब आणू नका. याने भागले नाही, तर तज्ज्ञांकडे आणखी औषधे आहेत.

मऊ ब्रश वापरा, टोकदार दात घासून घ्या, आणि तिखट, आंबट व कढत पदार्थ काही दिवस टाळा. मिश्री, तंबाखू, सुपारी मात्र कायमची सोडा. जागरण आणि काळजी वाढली की आग वाढते, असे अनेक रुग्ण सांगतात.

हा आजार मुळापासून जात नाही. तो वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो. तो कॅन्सर नव्हे. पण शंभर रुग्णांतल्या साधारण एखाद्याच्या तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आग थांबली तरी दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, तोंड तपासून घ्यावे. मधेच न भरणारी जखम, टणक गाठ किंवा रक्त दिसले, तर तारखेची वाट पाहू नये.

आज दिवसाउजेडी आरशापुढे उभे राहून गाल आणि जीभ नीट पाहा. घरातल्या आई, आजी, सासूबाईंनाही पाहायला सांगा. त्या आपणहून बोलत नाहीत. तीन आठवड्यांत न गेलेला कोणताही डाग किंवा जखम डॉक्टरांना दाखवा.