गणेशपट्टीवरचे थर

ओलं कापड वाळलं की हलकं होतं. जवसाच्या तेलात कालवलेला रंग मात्र वाळताना हवेतला प्राणवायू पिऊन घेतो आणि त्या तेलाचं वजन चक्क वाढतं! तेलाचे रेणू एकमेकांना धरून बसतात, त्यांचं अखंड जाळं विणलं जातं. त्या जाळ्याचं पुन्हा तेल होत नाही. जुन्या दारावर टर्पेंटाइनचा बोळा कितीही घासा, रंग ढिम्म हलत नाही, तो याचमुळे.

पुणे, नाशिक, वाई इथल्या कितीतरी वाड्यांच्या सागवानी दारांवर असे थर साचले आहेत. घरात लग्नकार्य निघालं की चौकटीला ऑइल पेंटचा आणखी एक हात! एकेक थर कागदाहूनही पातळ, पण दहा-बारा झाले की गणेशपट्टीवरच्या कमळाच्या पाकळ्या बोथट होतात, वेलबुट्टीच्या खाचा भरून जातात. कोपऱ्यात कुठेतरी ओल्या वॉटर पेपरनं बोट गोल फिरवत रुपयाएवढा उथळ खळगा करून बघा. मध्ये लाकूड उघडं पडतं आणि भोवती कडी उमटतात: बाहेर आकाशी, मग हिरवं, मग चॉकलेटी, कधी अगदी तळाशी फिकट गुलाबी. जुन्या इमारतींचं जतन करणारे तज्ज्ञही रंगांचा क्रम असाच वाचतात.

मात्र त्या गुलाबी कड्यापाशी थांबायला हवं. लाकडासाठी शिशाच्या पांढऱ्या रंगात थोडा शेंदूर मिसळून अस्तर करण्याची ब्रिटिश पद्धत होती, आणि हा शेंदूरही शिशाचंच ऑक्साइड. शिशामुळे रंग लवकर वाळायचा, टणक व्हायचा, पावसाला पुरून उरायचा. लहान मुलांच्या मेंदूला मात्र ते थोडंसुद्धा सोसत नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या कुठल्याही थराकडे संशयानंच पाहावं. सोडियम सल्फाइडच्या द्रावणाचा थेंब टाकला आणि फिका रंग काळा पडला, तर शिसं असण्याची दाट शक्यता. म्हणून खळगा करण्याआधी सगळे थर उघडे पडतील अशी बारीक चीर पाडून तिच्यावर थेंब टाकावा. कोरडा पॉलिश पेपर किंवा घासायचं यंत्र अशा दाराला लावूच नये. मास्क चांगला हवा, पोरंबाळं दुसऱ्या घरी, आणि खरवड ओली करून पिशवीत बंद.

रंग उतरवायचे मार्ग तसे थोडेच, पण प्रत्येकात काहीतरी नवल आहे. हीट गनच्या धगीनं ते जाळं मऊ पडतं आणि खरवडणीखाली रंगाची पट्टी निघू लागते. अमेरिकेच्या नियमांनी शिशाच्या रंगावर ११०० फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण ५९३ सेल्सियसपेक्षा तापणाऱ्या हीट गनला मनाई केली आहे, कारण त्यापुढे शिशाची विषारी वाफ होऊ लागते. ब्लोलँपची उघडी ज्योत तर नकोच.

कधीकधी पट्टी एकदम आख्खी सुटते, खालचं लाकूड स्वच्छ! तिथे रंगाखाली जुनं लाखेचं पॉलिश असण्याचा संभव असतो. लाख, म्हणजे पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर एका इवल्या किड्यानं पाझरलेली राळ, ७५-८० अंशांच्या आसपासच वितळते. वरचा रंग जेमतेम मऊ होतोय तोवर त्याच्या पायाखालची जमीनच सरकलेली असते.

कॉस्टिक सोड्याची लापशी फासली तर आणखी मजेची गोष्ट घडते. अल्कली त्या वाळलेल्या तेलाचे बंध तोडते आणि त्याचा साबण करते. साबणाच्या कारखान्यात चालते तीच क्रिया, इथे दाराच्या चौकटीवर! पण सोडा कातडी जाळतो, सागवान काळपट करतो आणि लाकडात मुरून राहिला तर पुढचं पॉलिश नासवतो. नंतर पाण्यानं आणि सौम्य व्हिनेगरनं पुसून काढावं लागतं. कोरीवकामाला मी तरी सोडा लावणार नाही. तिथे हलकी धग, बांबूची टोकदार काडी आणि भरपूर सबुरी. लोखंडी पटाशी सागाच्या मऊ रेषेत रुतली तर दोनशे वर्षांपूर्वीच्या सुताराची धार कायमची जाते.

सगळं दार मात्र खरवडू नका. बिजागरीमागचा चार बोटांचा तुकडा थरांसकट तसाच राहू द्या, वर लाखेचा पातळ हात मारून. शंभर वर्षांत या घराला कोणकोणते रंग आवडले, हे तिथेच वाचता येतं.